ओल्या मातीची कड

कबार कालव्याच्या दुसऱ्या वळणावर आमची वस्ती.
महसुलाच्या यादीत तिचं नाव: यहूदाचं गाव.
यहूदा कुठे आहे, हे यादीला विचारू नका.

माझा बाप, नदाब्याचा पलत्या,
सात वर्षांचा होता डोंगर सुटले तेव्हा.
डोंगर म्हणजे काय, मी विचारायचे.
इथे सगळ्यात उंच काय, तर
कालवा उपसून काठावर टाकलेला गाळ.
बाप मला त्या ढिगावर उभं करायचा.
हे असंच, म्हणायचा, फक्त पायाखाली दगड.
आणि चढताना दम लागतो,
मग वर घोटभर पाणी प्यायलं की कळतं.
काय कळतं, ते कधी सांगितलं नाही त्यानं.
तोवर खजूर उतरवायला कोणीतरी हाक मारायचं.

मग बाबेलला पारशी राजा आला.
चांदी तीच, वजनं तीच, वसुलीचा कारकूनही तोच,
करारांच्या शेवटी तारखेपुढचं नाव तेवढं बदललं.
आणि दवंडी: ज्यांना परत जायचं त्यांनी जावं.

परत?
अर्धी माणसं तर याच गाळात जन्मलेली.
मशुल्लामच्या पोरांनी गाढवं विकत घेतली.
हनूनची विधवा जाते म्हणाली, मग नाही म्हणाली,
मग पहाटे कोणाला न सांगता गेली,
चुलीवर मसूर तशीच.

त्याच सिमान महिन्यात माझं लग्न ठरलेलं,
पलीकडच्या काठावरच्या बेल-उबल्लितशी.
होड्या सांधतो तो, हातांना डांबराचा वास.
आमचा देव दिसत नाही म्हणून त्याला घाबरतो,
आणि मला ते आवडतं.
बाप म्हणाला, करार होऊ दे, मग मी निघतो.

लेखनिक नबू-झेर-इब्नी मांडी घालून बसला,
तळहातावर मातीची ओली वडी.
बोरूनं टोचत गेला, चिमणी अंगणभर नाचावी तसा:
पाच शेकेल चांदी, एक पलंग, दोन खुर्च्या,
आणि मी.
मोठ्यानं वाचून दाखवलं त्यानं:
या-कु-ल-या-मा.
साक्षीदारांनी माना डोलावल्या.
बाप म्हणाला, ही कोण?

यखोल्या, तो म्हणाला. यखोल्या.
आमच्या खुणांत एवढंच बसतं, काका, लेखनिक म्हणाला,
ऊन वाढतंय, माती सुकेल.

तेव्हा माझ्या बापानं, ज्यानं उभ्या जन्मात
मला एक अक्षर काढून दाखवलं नव्हतं,
खजुरीचा काटा उचलला
आणि वडीच्या कडेला, जिथे कोणी काही लिहीत नाही,
आपल्या जुन्या लिपीत काहीतरी कोरलं.
जीभ दातांत धरून.
एक अक्षर उलटं झालं बहुतेक, पुसून पुन्हा काढलं,
तिथे त्याच्या अंगठ्याचा ठसा राहिला.
लेखनिकानं नाक मुरडलं, पण वडी मोडली नाही.

तिसऱ्या दिवशी तो गेला.
गाळाच्या ढिगावर चढून मी बघत होते:
आधी माणूस, मग नुसतं मुंडासं, मग धूळ.
दम लागला होता मला. पाणी न्यायला विसरले होते.

सहा वर्षं झाली.
परवा हारानचा एक गाढववाला दार शोधत आला,
कमरेच्या गाठीतून एक खडा काढून दिला.
पांढरट, मुठीत मावेल एवढा.
निरोपही होता, म्हणाला, चांगला लांबलचक होता,
पण वाटेत ताप आला, त्यात गेला.
कोणी दिला?
म्हाताऱ्यानं.
कुठल्या म्हाताऱ्यानं?
तिकडे सगळे म्हातारेच आहेत, बाई.

मी तो कोनाड्यात ठेवला, वडीशेजारी.
रात्री मुलानं काढला. चाटून पाहिला,
दोन्ही हातांनी दाबून पाहिला,
उंबऱ्याच्या विटेवर आपटला.
विटेचा कपरा उडाला.
मग माझ्याकडे बघत म्हणाला,
आई, हे कोणी भाजलं?